गोदाम भरलेलं, तरी लाइन थांबलेली: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्याकडे छोट्या पंपांची जुळणी होते आणि एका पंपाला वीसेक सुटे भाग लागतात. गोदामात पाय ठेवायला जागा नाही, तरीही एखाद्या सीलसाठी किंवा बेअरिंगसाठी लाइन वारंवार थांबते. कॉम्प्युटरवर माल दिसतो, रॅकवर सापडत नाही. महिन्याचा निम्म्याहून जास्त माल शेवटच्या आठवड्यात बाहेर पडतो आणि त्या धावपळीत भलत्याच गिऱ्हाइकाला भलताच बॉक्स जातो. मालकांच्या मनात नवं सॉफ्टवेअर आणि बारकोड घ्यायचं आहे. त्याने हे सुटेल का, आणि नसेल तर आधी काय करायचं, हा तुमचा प्रश्न.

मी स्टोअर सांभाळलंय, नंतर उत्पादनाचं नियोजन आणि डिस्पॅचही पाहिलंय. त्या अनुभवावरून सांगतो: सॉफ्टवेअर घ्याच, पण आत्ता नको. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात, त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. साठ्याच्या आकड्यावर कुणाचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक जण आपापली तजवीज करतो. पर्चेसवाला लागेल त्यापेक्षा जास्त मागवतो. लाइनचा सुपरवायझर दोन खोके बेअरिंग कपाटात ठेवून देतो. प्लॅनर मोठी बॅच लावतो, कारण पुन्हा भाग मिळतील की नाही याची त्याला खात्री नसते. या सगळ्यामुळे गोदाम भरतं, भरलेल्या गोदामात वस्तू सापडत नाही, आणि न सापडलेली वस्तू पुन्हा मागवली जाते. यातला कुणीही बेजबाबदारपणे वागत नाही. आकडा खोटा असेल तर शहाणा माणूस असाच वागणार. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आकडा खरा करायचा, मग माल कारखान्यात अडकून राहण्याचा वेळ कमी करायचा, आणि साठा घटवायचा तो त्यानंतर. बऱ्याच ठिकाणी वरून ‘साठा तीस टक्के कमी करा’ असा हुकूम सुटतो आणि आकडे खोटे असतानाच खरेदी थांबवली जाते. मग नको तो माल पडून राहतो आणि हवा तो संपतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील हे आधीच मान्य करतो. तुम्ही ऑर्डर आल्यावर बनवता की बनवून ठेवता, मॉडेल दहा आहेत की तीनशे, महत्त्वाचे भाग जवळच्या पुरवठादाराकडून येतात की जहाजाने महिना-दोन महिन्यांनी, यावर खालचे बरेच आकडे बदलतील. आकडा खरा करण्याचं काम मात्र या सगळ्यांना सारखंच आहे.

‘आमचा साठा पंच्याण्णव टक्के बरोबर आहे’ असं सांगितलं जातं तेव्हा ते चांगलं वाटतं. तुमच्या पंपाला वीस भाग लागतात. प्रत्येक भागाची नोंद बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर वीसच्या वीस नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता सुमारे ३६ टक्केच उरते. म्हणजे कागदावर सगळे भाग हजर दाखवणाऱ्या दर तीन जॉबपैकी (जॉब म्हणजे लाइनवर सोडलेलं एक काम) जवळजवळ दोनांमध्ये कुठल्या तरी एका भागाची नोंद चुकलेली असते. दरवेळी लाइन थांबतेच असं नाही, कारण चूक कधी जास्तीच्या बाजूलाही असते आणि थोडी घट कधी निभावून जाते. पण प्लॅनर कशावर उभा आहे ते या आकड्यातून कळतं. अचूकता ९८ टक्के झाली की हीच शक्यता ६७ टक्क्यांवर जाते, ९९ झाली की ८२ वर. वरवर चार टक्क्यांचा फरक, पण रोज सकाळी प्लॅनर ज्या तणावात बसतो तो यातच कमी होतो.

ही अचूकता मोजताना एक दक्षता घ्या. वर्षअखेरीला सगळ्या साठ्याची किंमत काढून ‘फरक अर्धाच टक्का निघाला’ असं समाधान मानलं जातं. त्यात एका भागाची वाढ दुसऱ्याच्या घटीत जिरून जाते. हिशेबाच्या दृष्टीने ते चालेल, लाइनच्या दृष्टीने दोन्ही चुकाच आहेत. म्हणून शंभर जागा मोजल्या तर किती जागी रॅकवरचा आकडा आणि नोंद जुळली, एवढंच मोजा. महागड्या भागाला एका नगाचीही सूट देऊ नका. वॉशर-स्क्रूला दोन-तीन टक्के सूट दिलीत तर बिघडत नाही.

आता नोंद चुकते कुठे? माझ्या पाहण्यात रॅकवर शांतपणे पडलेल्या मालाची नोंद सहसा चुकत नाही. चूक होते माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, आणि माल हलला त्या क्षणापासून नोंद होईपर्यंतच्या मधल्या वेळात. तुमच्याकडे अशा जागा किती आहेत ते एका कागदावर मांडा. हे काम टेबलावर बसून करू नका. एखादं बेअरिंग फाटकातून आत येतं तिथपासून पंपात बसून गाडीत चढेपर्यंत त्याच्या मागे चाला, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: माल इथून हलला हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि कशावरून लिहिलं?

पहिली जागा आवक. पुरवठादाराच्या चलानावर हजार लिहिलंय म्हणून हजारची जी.आर.एन., म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होते, खोकी कुणी उघडत नाही. सगळंच मोजायला लागलात तर स्टोअर बुडेल, म्हणून वजनावरून मोजणारा काटा घ्या. शंभर नग मोजून त्यांचं वजन एकदा पक्कं केलं की हजाराची खातरजमा दोन मिनिटांत होते. शिवाय तपासणी व्हायच्या आधीचा माल साठ्यात ‘उपलब्ध’ दिसता कामा नये. तुमच्या लाइनवरच्या थांब्यांपैकी काही नक्की इथले असतील: कॉम्प्युटरवर माल आहे, पण तो तपासणीच्या टेबलावर आहे किंवा लाल पट्टीच्या आड रिजेक्ट होऊन पडलाय.

दुसरी जागा एककं. पत्रा किलोत घेतला जातो आणि नगात वापरला जातो. केबल गुंडाळीने येते आणि मीटरने जाते. रूपांतराचा गुणक कुणीतरी कधीतरी भरलेला असतो आणि पत्र्याची जाडी बदलली तरी तोच चालू राहतो. ज्या भागांचं खरेदीचं एकक आणि वापराचं एकक वेगळं आहे त्यांची यादी काढून प्रत्येक गुणक प्रत्यक्ष वजन-माप करून तपासा. एका दुपारचं काम आहे आणि त्यातून निघणाऱ्या चुका मोठ्या असतात.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडा थांबतो. बहुतेक ठिकाणी जुळणीचे भाग एकेक करून इश्यू होत नाहीत. शंभर पंप तयार झाले अशी नोंद पडली की सॉफ्टवेअर बी.ओ.एम., म्हणजे एका पंपाला लागणाऱ्या भागांची यादी, पाहून प्रत्येक भागाचे शंभराच्या पटीत नग आपोआप वजा करतं. सोय मोठी आहे, माझा विरोध नाही. पण ही पद्धत दोन गोष्टी गृहीत धरते: बी.ओ.एम. अचूक आहे, आणि एकही भाग वाया गेला नाही. प्रत्यक्षात सील बसवताना फाटतं, कामगार दुसरं उचलतो, आणि फाटलेलं डब्यात जातं. शंभर पंपांना १०४ सील लागली, वजा झाली १००. दर बॅचला चार सीलांचा हा फरक साचत जातो आणि एके दिवशी कॉम्प्युटरवर तीनशे सील दिसतात तेव्हा बिन रिकामा असतो. तुमच्या तक्रारीत सील आणि बेअरिंग हीच नावं आहेत, त्यामुळे मी तरी इथूनच तपास सुरू करीन. उपाय साधा ठेवा. प्रत्येक जुळणी टेबलाशेजारी लाल डबा, वाया गेलेला भाग त्यातच टाकायचा, आणि शिफ्ट संपताना स्टोअरच्या माणसाने डबा रिकामा करून मोजून नोंद करायची. कामगाराला फॉर्म भरायला लावू नका, तो भरला जात नाही. शिवाय त्या डब्यात काय जास्त पडतं हे पाहून सील फाटतंच का, याचाही शोध लागेल.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे पर्यायी भाग. ठरलेला बोल्ट नाही म्हणून त्याच मापाचा थोडा लांब बोल्ट वापरला, पंप गेला, नोंदीत ठरलेला बोल्टच वजा झाला. आता दोन भागांचे आकडे चुकले, एक वर आणि एक खाली. पर्याय वापरायला मनाई करू नका, पण सुपरवायझरच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय पर्यायी भाग स्टोअरमधून बाहेर पडणार नाही असं ठरवा.

बाहेर जॉबवर्कला गेलेला माल, रिवर्कसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी, लाइनवरून मागे आलेले पंप, सेल्सवाल्यांनी नमुना म्हणून नेलेले नग: या प्रत्येकाला नोंदीत स्वतःची ‘जागा’ हवी. माल कारखान्याबाहेर असला तरी तुमच्या मालकीचा आहे, आणि तो कुठे आहे ते एका ओळीत दिसायला हवं.

रॅकचे पत्तेही याच टप्प्यात पक्के करा. प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्या: ओळ, रॅक, कप्पा. एका कप्प्यात एकच भाग ठेवा. ‘बेअरिंग तिकडे मागच्या बाजूला असतात’ ही माहिती एका माणसाच्या डोक्यात असेल, तर तो रजेवर गेला की तुमचं गोदाम बंद. ज्या भागांना गेल्या वर्षभरात हात लागला नाही ते वेगळ्या कोपऱ्यात हलवा. ते विकायचे की मोडीत काढायचे हा निर्णय सावकाश होऊ दे, पण रोजच्या रॅकवरची जागा आजच मोकळी होते.

मोजणीबद्दल. वर्षातून एकदा लाइन बंद करून सगळं फिजिकल घेणं, म्हणजे सगळा माल प्रत्यक्ष मोजणं, हे लेखापरीक्षणासाठी ठीक आहे. त्याने आकडा एक दिवस खरा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सरकायला लागतो, कारण ज्या फटींतून तो सरकला त्या तशाच राहतात. त्याऐवजी रोज थोडं मोजा. सुरुवातीला पंधरा-वीस भाग निवडा, महाग आणि स्वस्त, जास्त फिरणारे आणि कमी फिरणारे, असे मिसळून. तेच भाग महिनाभर रोज मोजा. काल जुळलेला आकडा आज जुळला नाही, तर चूक गेल्या चोवीस तासांतली आहे आणि ती नेमकी कोणत्या व्यवहारात झाली ते शोधता येतं. वर्षभरापूर्वीची चूक शोधता येत नाही. या छोट्या गटाचा आकडा सलग जुळायला लागला म्हणजे फटी बुजल्या, मग सगळ्या भागांवर फिरती मोजणी सुरू करा: महागडे भाग महिन्यातून एकदा, मधले तिमाहीला, स्वस्त भाग वर्षातून एक-दोनदा. कप्पा रिकामा झाला की लगेच ‘शून्य’ तपासून घ्यायची सवय लावा. रिकामा कप्पा मोजायला काही सेकंद लागतात आणि तिथे नोंद शून्य नसेल तर चूक हातोहात सापडते.

मोजणाऱ्याला नोंदीतला आकडा दाखवू नका, नाहीतर तोच आकडा परत येतो. आणि फरक निघाला म्हणून स्टोअरकीपरला ओरडू नका. हे मी फार मनापासून सांगतोय. ज्या ठिकाणी फरकाबद्दल शिक्षा होते, तिथे अॅडजस्टमेंटच्या नोंदी गुपचूप पडतात, जास्तीचा माल लपवून ठेवला जातो आणि तुमच्यापर्यंत खरी माहिती येणंच बंद होतं. फरक सापडणं हे स्टोअरने केलेलं चांगलं काम आहे, असं वरच्या माणसाने सर्वांसमोर म्हणायला हवं.

आकडा भरवशाचा झाला की मग किती ठेवायचं हा प्रश्न येतो. इथे बहुतेकांची नजर मागणीच्या चढउतारावर असते. मी उदाहरण घेऊन दाखवतो की खरी गोम अनेकदा दुसरीकडे असते. समजा एक भाग रोज सरासरी ४० लागतो, त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १२ नगांचा आहे. पुरवठादाराला सरासरी ९ दिवस लागतात, पण त्यात ३ दिवसांचं प्रमाण विचलन आहे. सेफ्टी स्टॉक म्हणजे अडीनडीसाठी ठेवलेला जादा साठा, आणि लीड टाइम म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस. सेफ्टी स्टॉकचं सूत्र असं: लीड टाइम गुणिले मागणीच्या विचलनाचा वर्ग, अधिक सरासरी मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ. ते येतं सुमारे १२५. शंभरपैकी ९५ वेळा माल पुरावा असं हवं असेल तर त्याला १.६५ ने गुणायचं, म्हणजे जवळपास २०७ नग सेफ्टी स्टॉक. आता अंदाज बांधण्याची पद्धत सुधारून मागणीतला चढउतार निम्म्यावर आणलात, १२ चा ६ केलात, तर सेफ्टी स्टॉक २०० वर येतो. सात नग वाचले. त्याउलट पुरवठादार तेवढेच ९ दिवस घेतो पण नियमित घेतो, विचलन ३ दिवसांवरून १ दिवसावर आलं, तर सेफ्टी स्टॉक ८९ पुरतो. निम्म्याहून जास्त साठा कमी झाला, आणि पुरवठादार एक दिवससुद्धा लवकर देत नाहीये. तो फक्त सांगितलेल्या दिवशी देतोय.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पुरवठादाराने कबूल केलेली तारीख आणि माल आलेली तारीख, या दोन रकाने रोज भरायला लावा. दोन-तीन महिन्यांत तुमचं गोदाम कुणामुळे भरलंय ते दिसेल. कधी दोष आपलाही निघतो: ऑर्डर उशिरा देणं, पैसे अडकवणं, ऐनवेळी प्रमाण बदलणं. असा पुरवठादार बदलून काही होत नाही, आपली सवय बदलावी लागते. आणि हे सूत्र मागणी साधारण सारखी चालणाऱ्या भागांसाठी आहे. सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या भागाला ते लावू नका, तो ऑर्डर आल्यावरच मागवा किंवा गिऱ्हाइकाला तसा वेळ सांगा.

किमतीनुसार अ (महाग), ब (मधले), क (स्वस्त) अशी वर्गवारी तुम्ही केलीच असेल. तिला एक प्रश्न जोडा: हा भाग नसेल तर लाइन थांबते का, आणि तो किती दिवसांत मिळतो? ओ-रिंग ‘क’ वर्गात बसते, पण ती नसेल तर महागड्या मोटरइतकीच लाइन थांबवते. स्वस्त आणि सतत लागणाऱ्या भागांसाठी दोन डब्यांची पद्धत वापरा. पुढचा डबा संपला की मागचा ओढायचा, आणि रिकामा डबा हीच मागणी चिठ्ठी. टोयोटात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कॅनबानचं, म्हणजे वापरलं तेवढंच खुणेवरून मागवण्याच्या पद्धतीचं, हे सगळ्यांत साधं रूप. नट-बोल्टांना यापेक्षा जास्त कागद लावूच नका. स्वस्त भागाचा साठा थोडा जास्त राहिला तर राहू द्या, नियंत्रणाची मेहनत महाग आणि आडमुठ्या भागांवर खर्च करा.

आता कारखान्यात अडकलेला माल. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे, त्याला सूत्र म्हणणंही जड वाटावं इतका तो सोपा: चालू कामात असलेले नग भागिले रोज बाहेर पडणारे नग, म्हणजे एका नगाला लागणारे सरासरी दिवस. तुमच्या लाइनवर आणि लाइनच्या मधल्या ढिगांत मिळून १२०० पंप अर्धवट असतील आणि रोज १०० बाहेर पडत असतील, तर आज सुरू केलेला पंप सरासरी बाराव्या दिवशी बाहेर येतो. प्रत्यक्ष काम कदाचित चार तासांचं असेल, उरलेला वेळ तो रांगेत उभा असतो. गिऱ्हाइकाला लवकर द्यायचं म्हणून जॉब लवकर सुरू केले जातात, त्याने रांग वाढते आणि सगळेच उशिरा बाहेर येतात. अर्धवट नगांवर मर्यादा घाला: एक जॉब बाहेर पडल्याशिवाय नवा आत सोडायचा नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यांना अस्वस्थ वाटेल, कारण काही माणसं आणि मशिनं मोकळी दिसतील. तेव्हा मालकांनी धीर धरायला हवा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

मशिनं मोकळी दिसण्याबद्दल आणखी एक सांगतो. काम ठरलेल्या चालीने येत नसेल, तर एखादं मशिन ८० टक्के वेळ चालू ठेवल्यावर जितकी रांग लागते, त्याच्या दुपटीहून जास्त ९० टक्क्यांना लागते आणि ९५ टक्क्यांना जवळपास पाचपट. रांगेच्या गणितात वाट पाहण्याचा वेळ वापर भागिले उरलेली मोकळीक या गुणोत्तराने वाढतो: ८० ला ४, ९० ला ९, ९५ ला १९. त्यामुळे प्रत्येक मशिन सतत चालू ठेवण्याचा आग्रह हाच साठा तयार करतो. ज्या एका मशिनवर सगळ्यांची गाडी अडते ते मात्र एक मिनिटही भागाची वाट पाहत थांबता कामा नये. त्याच्यासमोर थोडा साठा मुद्दाम ठेवा, बाकीच्यांसमोर नको.

बॅच मोठी ठेवण्याचं कारण सेटिंगचा, म्हणजे मशिन पुढच्या कामासाठी बदलून लावण्याचा, वेळ. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेल्या किफायती बॅचच्या सूत्रात बॅच सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे सेटिंग एक चतुर्थांश वेळात झालं तर बॅच निम्मी करणं परवडतं. तेच सूत्र असंही सांगतं की योग्य आकड्याच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तरी फार फरक पडत नाही: दीडपट बॅच घेतली तर सेटिंग आणि साठवणुकीचा एकत्रित खर्च आठेक टक्केच वाढतो. म्हणून त्या आकड्याचे दशांश काढत बसू नका, सेटिंगचा वेळ कमी करण्यावर जीव टाका. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १,००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणलं. त्यांची युक्ती कुठल्याही कारखान्यात चालते. मशिन थांबवल्याशिवाय जे करताच येत नाही तेवढंच थांबवून करायचं. डाय आणणं, पाने-स्पॅनर शोधणं, पहिल्या नगाचा गेज तयार ठेवणं हे मशिन चालू असतानाच उरकायचं. एका सेटिंगचा व्हिडिओ काढून ऑपरेटरसोबत बसून बघा. निम्मा वेळ शोधाशोधीत गेलेला दिसतो आणि तो कसा वाचवायचा हे ऑपरेटरच सांगतो.

इथवरचं काम नीट झालं तर महिनाअखेरची गर्दी बरीचशी आपोआप ओसरते, पण सगळी नाही. तिचं एक कारण मोजमापात आहे. उत्पादनाचं लक्ष्य नगांत किंवा रकमेत असेल तर सोपी मॉडेलं आधी बनतात आणि अडचणीची शेवटी साचतात. त्याऐवजी रोज विचारा: आज ठरलेल्या ऑर्डरींपैकी किती ऑर्डरी पूर्णपणे, सगळ्या ओळींसह, ठरल्या दिवशी गेल्या? दहा ओळींपैकी नऊ गेल्या तर ती ऑर्डर गेली असं धरायचं नाही. हा एक आकडा फळ्यावर लावा. सेल्सची माणसं महिन्याच्या शेवटी ऑर्डरी ढकलत असतील, तर तो प्रश्न उत्पादन विभाग सोडवू शकत नाही, मालकांनीच त्यांच्याशी बोलायला हवं.

चुकीचा बॉक्स जाण्याचं मुख्य कारण मी अनेकदा एकच पाहिलंय: लेबलं आधीच गठ्ठ्याने छापून ठेवलेली असतात. शंभर लेबलं टेबलावर, दोन ऑर्डरी शेजारी शेजारी, आणि हात चुकतो. लेबल बॉक्स बंद करताना, त्याच बॉक्सचं, एकेकच छापा. पॅकिंग करणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा. बॉक्सचं अपेक्षित वजन आधी काढून ठेवा आणि बंद बॉक्स काट्यावर ठेवा. फ्लँजचा जोड किंवा अॅक्सेसरी किट राहून गेला असेल तर वजनात कळतं. माहितीपुस्तिकेसारखी हलकी वस्तू कळणार नाही, तिच्यासाठी डोळेच हवेत. जमिनीवर पट्टे आखून एका गाडीला एक चौकट द्या, गाडी यायच्या आधी माल तिथे लावून तपासून ठेवा, आणि जो शेवटी उतरायचा तो आधी चढवा.

पॅकिंगच्या मापाकडेही पाहा, इथे न दिसणारा खर्च असतो. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ६०० बाय ४०० चे पाच बॉक्स एका थरात चपखल बसतात. कुणी आत जास्तीचा फोम घातला आणि बॉक्स ६२० बाय ४२० झाला, तर पॅलेटबाहेर न डोकावता त्या थरात तीनच बसतात. दोन सेंटिमीटरने वाहतुकीची चाळीस टक्के जागा गेली. कुरिअरने पाठवत असाल तर अनेक कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते आकारमानी वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर आकारणी करतात. ६० बाय ४० बाय ४० चा बॉक्स १४ किलोचा असला तरी १९.२ किलोचा धरला जातो. उंची दहा सेंटिमीटर कमी करता आली तर तोच १४.४ वर येतो. समुद्रमार्गे निर्यात असेल तर भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, १ जुलै २०१६ पासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडी पॅलेट आणि पेट्यांनाही आयएसपीएम १५ या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. उष्णतेची नेहमीची प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. हे शेवटच्या दिवशी आठवलं तर तयार माल धक्क्यावर अडकतो, म्हणून ऑर्डर नोंदवतानाच पॅकिंगच्या सूचनांत लिहून ठेवा.

आता सॉफ्टवेअर. बारकोड लिहिण्यातली चूक आणि उशीर, दोन्ही खरोखर कमी करतो, आणि वर सांगितलेल्या हस्तांतराच्या जागा पक्क्या झाल्या की तो फार उपयोगी पडतो. त्याआधी आणलात तर चुकीचा व्यवहार फक्त जास्त वेगाने नोंदला जाईल. पंधरा-वीस भागांच्या त्या छोट्या गटाचा आकडा महिनाभर जुळू लागला की खरेदीला हरकत नाही. दाखवायला येणारे स्वतःच्या नमुन्यावर सगळं सुरळीत करून दाखवतील. तुम्ही मात्र तुमचेच अवघड व्यवहार त्यांच्यासमोर ठेवा: किलोत आलेला आणि नगात गेलेला पत्रा, अर्धा रिजेक्ट झालेला लॉट, पर्यायी बोल्ट, रिवर्कला मागे आलेला पंप, एकाच गाडीतल्या दोन ऑर्डरी, आणि रात्रपाळीत स्टोअर बंद असताना लागलेलं सील. प्रत्येक व्यवहार स्टोअरच्या माणसाला स्वतःच्या हाताने करून पाहू दे. जिथे तो अडखळेल तिथे थांबून विचारा, आणि त्याचं समाधान होईपर्यंत सही करू नका.